ग्रेट्स्कीचा सौदा : कोणाच्या पदरात काय पडले?

९ ऑगस्ट १९८८ रोजी कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्स संघाने वेन ग्रेट्स्कीला अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस किंग्जकडे धाडले आणि कॅनडा हादरला. ग्रेट्स्की तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. आईस हॉकीतले ते सर्वांत मोठे नाव. एडमंटनला पाच वर्षांत चौथा स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएल या लीगचे विजेतेपद, जिंकून देऊन त्याला तीन महिनेही झाले नव्हते. पत्रकार परिषदेत त्याला रडू आवरले नाही. सरकारने मध्ये पडून हा व्यवहार थांबवावा, अशी मागणी नेल्सन रीस या खासदारांनी केली.

या सौद्यात सरस कोण ठरले, हा वाद तेव्हापासून चालू आहे. वाद घालणारे बरेच जण ज्या गोष्टी गृहीत धरतात, त्या जुन्या नोंदी उघडल्या की टिकत नाहीत.

आधी देवघेव पाहू. किंग्जला ग्रेट्स्कीबरोबर मार्टी मॅक्सॉर्ली आणि माइक क्रुशेल्निस्की मिळाले. ऑइलर्सला जिमी कार्सन, अठरा वर्षांचा मार्टिन जेलिना आणि १९८९, १९९१ व १९९३ या वर्षांच्या ड्राफ्टमधल्या किंग्जच्या पहिल्या फेरीच्या निवडी मिळाल्या, म्हणजे नव्या दमाचा एकेक खेळाडू उचलण्याचा हक्क. वर दीड कोटी अमेरिकी डॉलर. खरे वजन या शेवटच्या आकड्यात आहे. कागदावर ही अदलाबदल असली तरी प्रत्यक्षात ती विक्री होती, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा कोणताही हिशेब जुळत नाही.

पहिला आणि सर्वांत पक्का गैरसमज असा, की ग्रेट्स्की गेला आणि एडमंटन कोसळले. पहिल्या हंगामापुरते तसे वाटावे अशी परिस्थिती होतीही. साखळीत ऑइलर्सचे गुण ९९ वरून ८४ वर आले, किंग्जचे ६८ वरून ९१ वर गेले. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट करंडक ग्रेट्स्कीला मिळाला. बाद फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले. एडमंटनने ३-१ अशी आघाडी घेतली होती, पण किंग्जने सलग तीन सामने जिंकून गतविजेत्यांना घरी पाठवले.

पुढची गोष्ट मात्र लोकांच्या स्मरणातून निसटते. १९९० मध्ये हे संघ पुन्हा भिडले आणि ऑइलर्सने किंग्जला चारही सामन्यांत हरवले. १९९१ आणि १९९२ मध्येही प्ले-ऑफमध्ये गाठ पडली, दोन्ही वेळा ऑइलर्सने ४-२ अशी बाजी मारली. सौद्यानंतरच्या चार वर्षांत चार मालिका झाल्या आणि त्यांतल्या तीन एडमंटनने घेतल्या. १९९० मध्ये तर बोस्टन ब्रुइन्सला नमवून त्यांनी स्टॅन्ली चषकही उचलला. किंग्जला पहिला चषक मिळायला २०१२ उजाडावे लागले.

एवढ्यावरून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सौद्यात आलेल्या खेळाडूंनीच चषक आणला, सबब एडमंटन जिंकले, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण अर्धेच. कार्सन हा सौद्यातला मुख्य मोहरा. किंग्जसाठी त्याने आदल्या हंगामात ५५ गोल केले होते. एडमंटनमध्येही पहिल्या वर्षी त्याने ४९ गोल आणि गोल व सहाय्य मिळून एकूण १०० गुण मिळवले. पण ग्रेट्स्कीच्या जागी आलेला माणूस हे ओझे त्याला पेलवेना. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने संघ सोडला आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याला डेट्रॉइटला देण्यात आले. बदल्यात आले पेट्र क्लिमा, अ‍ॅडम ग्रेव्ह्ज, जो मर्फी आणि जेफ शार्पल्स. ग्रेव्ह्ज, मर्फी आणि जेलिना या पोरसवदा त्रिकुटाने १९९० च्या प्ले-ऑफमध्ये धमाल उडवली. अंतिम फेरीचा पहिला सामना तिसऱ्या जादा कालखंडापर्यंत ताणला गेला होता. जवळजवळ सगळा वेळ बाकावर बसून असलेल्या क्लिमाला अखेर बर्फावर पाठवले गेले आणि त्याने निर्णायक गोल केला. धागा मागे नेला तर हा गोल ग्रेट्स्कीच्या सौद्यापर्यंत पोहोचतो, हे मान्य करायला हवे.

तरीही त्या चषकाचे मोठे श्रेय आधीपासून घरात असलेल्यांचे आहे. कर्णधार मार्क मेसिएला त्या हंगामाचा हार्ट करंडक मिळाला. यारी कुरी, ग्लेन अँडरसन, केव्हिन लो, एसा टिक्कानेन हे सगळे जुनेच भिडू. प्ले-ऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला गोलरक्षक बिल रॅनफर्ड ग्रेट्स्की असतानाच, मार्च १९८८ मध्ये, बोस्टनकडून आला होता. ग्रेट्स्की गेल्यावर जिंकले म्हणून ग्रेट्स्की गेल्यामुळे जिंकले असे ठरत नाही.

आणि त्या तीन निवडी? १९८९ चा हक्क ऑइलर्सने न्यू जर्सीला देऊन कोरी फॉस्टर हा बचावपटू घेतला. एडमंटनच्या पोशाखात तो एनएचएलचा एकही सामना खेळला नाही. १९९१ च्या हक्कावर मार्टिन रुचिन्स्की निवडला गेला. त्याची कारकीर्द लांब आणि चांगली झाली, पण एडमंटनने त्याला दोन सामन्यांनंतर क्युबेकला देऊन टाकले. १९९३ चा निक स्टायडुहार एनएचएलमध्ये जेमतेम दोन सामने खेळला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या खेळाडूच्या मोबदल्यातले हे तीन हक्क अक्षरशः वाया गेले. या सौद्याच्या चर्चेत याची जितकी झाडाझडती व्हायला हवी तितकी होत नाही.

आता जॅनेट जोन्सबद्दल. जुलै १९८८ मध्ये एडमंटनमध्ये ग्रेट्स्कीचे या अमेरिकी अभिनेत्रीशी लग्न झाले आणि जेमतेम चोवीस दिवसांनी सौदा जाहीर झाला. बायकोने हॉलिवूडसाठी नवऱ्याला ओढून नेले, ही कथा मग आपोआप तयार झाली. ती जॅनेटवर अन्याय करणारी आहे. ऑइलर्सचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांना त्यांच्या इतर उद्योगांसाठी पैशांची निकड होती. संघ आपल्याला विकू पाहत आहे, हे ग्रेट्स्कीला मे महिन्यात चषक जिंकल्यानंतर लगेच वडील वॉल्टर यांच्याकडून कळले होते. अखेर त्याने संमती दिली, मॅक्सॉर्लीला बरोबर न्यायचा आग्रहही धरला. म्हणजे तो पूर्णपणे असहाय होता असे नाही. पण व्यवहाराचे मूळ लग्नमंडपात शोधणे चुकीचे आहे, ते मालकाच्या ताळेबंदात होते.

लॉस एंजेलिसच्या बाजूचा गैरसमज वेगळा. चषक आला नाही म्हणजे किंग्जचे पैसे पाण्यात गेले, असे मानणारे पुष्कळ आहेत. १९९३ मध्ये ग्रेट्स्कीने हा संघ इतिहासात प्रथमच अंतिम फेरीत नेला. मॉन्ट्रियलविरुद्ध पहिला सामना किंग्जने जिंकला. दुसऱ्यातही ते शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत एका गोलने पुढे होते. तेवढ्यात मॅक्सॉर्लीच्या स्टिकचा बाक नियमापेक्षा जास्त निघाला, शिक्षा झाली, मॉन्ट्रियलने बरोबरी साधून जादा वेळेत सामना काढला आणि पुढे मालिका ४-१ अशी घेतली. ज्या मॅक्सॉर्लीसाठी ग्रेट्स्की अडून बसला, त्याच्याच हातून हे घडावे, हे किंग्जच्या चाहत्यांना आजही डाचते.

पण किंग्जचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी पैसे मोजले ते केवळ चषकासाठी नव्हेत. १९६७ पासून हा संघ बास्केटबॉलवेड्या शहरात कसाबसा तग धरून होता. ग्रेट्स्की आल्यावर फोरम स्टेडियममध्ये हॉलिवूडची मंडळी रांगा लावू लागली. जांभळा-सोनेरी पोशाख जाऊन रुपेरी-काळा आला आणि तो रस्तोरस्ती दिसू लागला. पुढे डिस्नेने १९९३ मध्ये शेजारच्या अ‍ॅनाहाइममध्ये मायटी डक्स संघ काढला. नव्या संघाचे प्रवेशशुल्क पाच कोटी डॉलर होते. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी येऊ दिल्याची भरपाई म्हणून त्यातले अडीच कोटी मॅक्नॉल यांना मिळाले. ग्रेट्स्कीसाठी दीड कोटी दिले होते, आणि या एकाच व्यवहारात त्याहून एक कोटी जास्त परत आले. लॉस एंजेलिस घाट्यात गेले असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद जरूर पाहावी.

मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आईस हॉकी पसरली ती एकट्या ग्रेट्स्कीमुळे, हेही जरा वाढवून सांगितले जाते. सॅन होजे, टँपा, अ‍ॅनाहाइम, मायामी, डॅलस ही शहरे १९९१ ते १९९३ या काळात लीगमध्ये आली. त्यामागे लीगची शुल्कांची भूक होती, मालकांचे आपसांतले तंटे होते, टीव्हीच्या बाजारपेठेचे गणित होते. उन्हाच्या प्रदेशात बर्फावरचा खेळ विकता येतो, हे ग्रेट्स्कीने दाखवून दिले. एवढे श्रेय पुरेसे मोठे आहे.

सगळे मिळून पाहता, बर्फावरच्या पहिल्या चार वर्षांत एडमंटन सरस ठरले आणि तिकीटखिडकीवर लॉस एंजेलिस कायमचे पुढे गेले. खरा घाटा सोसला तो एडमंटनच्या प्रेक्षकांनी. एकदा सर्वांत मोठे नाव विकले गेल्यावर बाकीच्यांना धरून ठेवण्याची इच्छाच उरली नाही. १९९१ मध्ये मेसिए न्यूयॉर्कला गेला, ग्रेव्ह्जही तिकडेच गेला, अँडरसन आणि गोलरक्षक ग्रँट फ्यूर टोरंटोला गेले. १९९४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने चषक जिंकला तेव्हा त्या संघात ऑइलर्सचे सात माजी खेळाडू होते. एडमंटन मात्र १९९३ पासून सलग चार वर्षे प्ले-ऑफबाहेर राहिले.

सौदा ठरवणाऱ्या दोन्ही मालकांचे पुढे काय झाले, तेही नोंदवायला हवे. मॅक्नॉल यांनी बँकांना कोट्यवधी डॉलरना फसवल्याची कबुली दिली आणि त्यांना तुरुंगवास झाला. पॉकलिंग्टन यांना १९९८ मध्ये ऑइलर्स विकावे लागले. ह्यूस्टनचे लेस अलेक्झांडर तेव्हा संघ घेण्यासाठी टपले होते. एडमंटनमधल्या तीसहून अधिक गुंतवणूकदारांनी पैसे एकत्र करून तो विकत घेतला आणि शहरातच ठेवला.