मोरीच्या पाण्यात उतरताना



मोरी म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो बाजार. टोपलीतली लहान मोरी, तिची खरखरीत कातडी, घरी शिजणारं झणझणीत कालवण. कुठे तिला मुशी म्हणतात, आणि इंग्रजी नाव शार्क आता टीव्हीमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. टोपलीतल्या मोरीची आपल्याला भीती नाही. पण जिवंत मोरी पोहते त्या पाण्यात आपली मुलगी उतरणार म्हटलं तर?

आमच्या गटात हाच प्रश्न आला. एका काकींची मुलगी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकली. दोन हंगाम तिने मालवणच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेलं. आता तिला मालदीवला काम मिळालं आहे. तिथे पर्यटक मुद्दाम शार्क बघायलाच पाण्यात उतरतात. स्वतःचा मुखवटा, पाण्यात घालायचा पोशाख, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि विमा यांसाठी तिने गटाकडे कर्ज मागितलं. अर्जाला विरोध केला तो तिच्या आईनेच. सभेत काकी म्हणाल्या, "माझ्या चेडवाक मोरीच्या तोंडात धाडूक तुमी कर्ज देतलास?"

आम्ही त्या दिवशी निर्णय घेतला नाही. पुढच्या सभेला मुलीलाच बोलावलं आणि म्हटलं, तू तिथे काय करणार, ते आम्हाला नीट समजावून सांग. तिने सांगितलेलं आणि आम्ही नंतर वाचून पडताळलेलं आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट भीतीच्या मापाची. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात जगभरातल्या शार्कच्या चाव्यांची नोंद ठेवतात. माणसाने काही खोडी न काढता शार्क चावल्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाला साधारण 60 च्या आसपास होतात, आणि त्यांतले मृत्यू सहसा 10 च्या आत असतात. त्यातही लाटांवर खेळणारे आणि पोहणारेच जास्त, टाकी लावून खाली उतरलेले कमी. आमच्या एका आजी लगेच म्हणाल्या, "आमी मोरीक खातंव की मोरी आमका खाता?" हसलो सगळ्या, पण हिशोब खराच आहे. तरीही धोका कमी म्हणजे धोका नाही असं नव्हे. म्हणून शार्कची भाषा शिकायची.

ही भाषा आपल्याला अगदीच परकी नाही. नवी व्यालेली गाय मान खाली घालून फुसफुसली की आपण वासराजवळ जात नाही. अनोळखी दारातला कुत्रा ताठ उभा राहिला की आपण थांबतो. शार्कही अंगानेच बोलतो. त्याच्या चार तऱ्हा लक्षात ठेवा.

पहिली, निवांत शार्क. तो सरळ, संथ पोहतो. छातीजवळचे दोन पर विमानाच्या पंखांसारखे आडवे पसरलेले असतात. तो आपल्या वाटेने येतो आणि जातो. काही जाती तर दिवसा तळाशी वाळूवर पडून असतात. असा निजलेला शार्क गरीब वाटतो, म्हणून लोक त्याच्या शेपटीला हात लावायला जातात आणि चावून घेतात. त्याला बघावं आणि निजू द्यावं.

दुसरी, चौकस शार्क. तो वळून पुन्हा येतो, भोवती फेरी मारतो, दर फेरीला थोडा जवळ येतो. त्याला कळायचं असतं की हे काय आहे. अशा वेळी पाठ फिरवायची नाही. तो फिरेल तसं आपणही वळायचं, नजर त्याच्यावर ठेवायची आणि पाण्यात उभं राहायचं. पुष्कळसे शार्क मागून येणं पसंत करतात. समोरचा आपल्याकडे बघतो आहे हे कळलं की बहुतेक वेळा ते अंतर राखतात.

तिसरी, चिडलेला शार्क. ही तऱ्हा सर्वांत महत्त्वाची. छातीजवळचे पर खाली झुकतात, पाठीला कुबड येतं, नाक वर उचललं जातं आणि पोहणं ताठर, झटके देत, डावीकडे-उजवीकडे अंग वळवत होतं. प्रवाळाजवळ राहणाऱ्या करड्या शार्कमध्ये हे स्पष्ट दिसतं. 1970 च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटाक बेटाजवळ याचा अभ्यास केला. डायव्हर त्याच्या मागे लागला, किंवा त्याची निघून जायची वाट अडली, की तो हे अंगविक्षेप करतो. म्हणजे तो सांगत असतो, बाजूला हो. इथे फोटोचा मोह सोडायचा, पाठलाग थांबवायचा, त्याला मोकळी वाट द्यायची आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे सरायचं.

चौथी, अन्नाने उसळलेला शार्क. मेलेला मासा, रक्त किंवा फडफडणारं जाळं जवळ असलं की शार्क वेगाने, वेड्यावाकड्या वाटेने फिरू लागतात. एकाचे चार होतात. इथे भाषा वाचत बसायची नाही. गटाने एकत्र, शांतपणे निघायचं.

आता प्रश्न असा की शार्कला आपण कळतो कसे? त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील रेघ असते, तिला पाण्याची थरथर जाणवते. नाकाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यांतून जवळच्या जिवाच्या अंगातली अगदी सूक्ष्म वीजही त्याला कळते. म्हणून हातपाय आपटणं टाळायचं, कारण जखमी मासा तसाच तडफडतो. चकचकीत दागिने घरी ठेवायचे, कारण पाण्यात ते खवल्यांसारखे चमकतात. हात अंगाशी ठेवायचे. पहाटे आणि तिन्हीसांजेला, तसंच गढूळ पाण्यात उतरायचं टाळायचं, कारण तेव्हा पुष्कळ शार्क शिकारीला निघतात आणि चूक त्यांचीही होऊ शकते.

सभेत एका ताईंनी दबक्या आवाजात विचारलं, पाळीच्या दिवसांत काय? हा प्रश्न मोठ्याने विचारायलाच हवा. पाळी असताना डायव्हिंग करणाऱ्या बायकांना शार्क जास्त चावतो, असं आजवरच्या नोंदींत दिसलेलं नाही. जगभर बायका त्या दिवसांतही डायव्हिंग करतात. पोटात दुखत असेल, थकवा असेल तर उतरू नये, पण ते शार्कसाठी नाही, स्वतःच्या तब्येतीसाठी.

मुलीने सांगितलेली आणखी एक गोष्ट आम्हाला नवी होती. पाठीवरच्या टाकीला सगळे ऑक्सिजन म्हणतात, पण त्यात बहुधा साधी हवाच दाबून भरलेली असते. ती हवा घेऊन खोल गेल्यावर घाबरून श्वास रोखला आणि झपकन वर आलं, तर फुप्फुसं फाटू शकतात. म्हणजे शार्क काही न करता निघून गेला तरी आपली घाबरगुंडीच जीव घेऊ शकते. म्हणून गाइडचं पहिलं काम माणसांना शांत ठेवणं. श्वास चालू ठेवायचा, सावकाश वर यायचं, आणि साधारण 5 मीटरवर 3 मिनिटं थांबून मग बाहेर पडायचं.

मालदीवने 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. तिथे जिवंत शार्क बघायला येणाऱ्या पर्यटकांवर आता कितीतरी घरं चालतात. फुवामुला नावाच्या बेटाजवळ बंदराबाहेर पट्टेरी टायगर शार्क जमतात. माशांच्या टाकाऊ भागांची त्यांना सवय लागलेली आहे. तिथे नियम कडक असतात. सगळ्यांनी एका ओळीत, एकमेकांना धरून राहायचं, कुणी एकट्याने वर जायचं नाही, हात झाकलेले ठेवायचे. व्हेल शार्क मात्र प्रचंड मोठा असूनही बारीक जीव गाळून खाणारा. त्याच्यापासूनही 3 ते 4 मीटर दूर राहायचं, कारण शेपटीचा एक फटका पुरतो. आपल्या देशात त्याला 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात सापडला तर तो सोडायचाच.

हे सगळं परदेशापुरतं नाही. बुल शार्क ही जात खाडीच्या मचूळ पाण्यातही शिरते. पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या खाडीत शार्क चावल्याची घटना घडलेली आहे. तेव्हा कालवं-तिसऱ्या काढायला जाताना एकटीने खोल पाण्यात जाऊ नका, पकडलेले मासे कमरेला बांधून पाण्यात फिरू नका, अंधार पडायच्या आत बाहेर या. कुणाला चावा बसलाच तर आधी पाण्याबाहेर काढा, स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, दाब सोडू नका आणि 108 ला फोन करा.

तुमच्या घरातलं कुणी डायव्हिंगला जात असेल, मग कामाला असो की हौसेला, तर हे प्रश्न नक्की विचारा. गाइडकडे प्रमाणपत्र आहे का? एका गाइडमागे किती माणसं? उतरण्याआधी शार्कबद्दल समजावून सांगतात का? बोटीवर प्रथमोपचाराची पेटी आणि ऑक्सिजन आहे का? शार्कला खाऊ घालतात का? पहिल्या चारांचं उत्तर मिळालं नाही, तर उतरू नका. खाऊ घालत असतील, तर दहादा विचार करा.

सभा संपताना काकींनी लेकीला एवढंच विचारलं, "आणि तुका भय दिसला तर?" ती म्हणाली, "आये, मी थांबतलंय, बघतलंय आणि सगळ्यांका घेवन हळूच मागे येतलंय." काकी थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी ठरावाच्या वहीत जामीनदार म्हणून स्वतःची सही केली. कर्ज मंजूर झालं, अट एकच होती. विम्याची पावती आधी गटाला दाखवायची.

तुमच्या गटातही एखादी मुलगी वेगळी वाट मागत असेल. नाही म्हणण्याआधी तिला सभेत बोलावा आणि ती काय करणार आहे, ते तिच्याच तोंडून ऐका.