समुद्राकडे पाठ फिरवणारी नदी

महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा वर्गात टांगावा आणि त्यात महाबळेश्वर शोधायला सांगून विद्यार्थ्यांना विचारावे : येथून अरबी समुद्र किती लांब? पट्टी लावून मोजले तर उत्तर येते, सुमारे ६५ किलोमीटर. मग इथे उगम पावणारी कृष्णा हा हाकेवरचा समुद्र सोडून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला का मिळते?

'उतार पूर्वेकडे आहे म्हणून' हे पुस्तकातले उत्तर बरोबर आहे. पण एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, 'पश्चिमेचा उतार तर जास्त तीव्र आहे!' त्याचेही बरोबर आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एकत्र मानले जातात. त्यांपैकी सावित्री पश्चिमेला उतरते. पोलादपूरपर्यंतच ती जवळजवळ सगळी उंची उतरून जाते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र १,३०० मीटरहून अधिक उंचीवर निघून कऱ्हाडला पोचते, तेव्हाही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असते.

म्हणजे पाणी जवळचा समुद्र किंवा सर्वांत मोठा उतार शोधत नाही. ते जिथे पडते तिथल्या पायाखालच्या उताराने निघते. दोन उतारांमधल्या कण्याला जलविभाजक म्हणतात. इथे सह्याद्रीचा घाटमाथा हाच जलविभाजक. त्याच्या अलीकडे पडलेला थेंब एका समुद्राचा, पलीकडे पडलेला दुसऱ्याचा!

हा कणा पश्चिमेच्या इतका कडेला कसा? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्यानंतर काही काळातच आजच्या सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून तुटून दूर गेला. भूशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत असे, की या घडामोडींत भारताची पश्चिम कड उचलली गेली आणि पठार पूर्वेकडे कलले. एका बाजूने किंचित उचललेल्या ताटासारखे. तुटलेल्या कडेवरच्या आखूड, वेगवान नद्या तेव्हापासून डोंगर कोरत आहेत आणि कडा हळूहळू पूर्वेला मागे सरकत आहे.

या कलण्याचे मोल पावसाळ्यात कळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर उतरून वाईला यावे, तर त्याचा लहानसा हिस्साच उरतो आणि पुढे पूर्वेला प्रदेश आणखी कोरडा होत जातो. घाटमाथ्यावर पडलेले पाणी या पावसाच्या छायेतल्या मुलखाला मिळते ते नदी समुद्राकडे पाठ फिरवते म्हणूनच.

माणसाने मात्र यातले काही पाणी परत वळवले आहे. कोयना महाबळेश्वरहून दक्षिणेला घाटमाथ्याच्या कडेने वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्यावर धरण बांधून डोंगरातल्या बोगद्यांतून पाणी पश्चिमेला सोडले. कोकणाकडच्या खोल उतारामुळे त्यापासून भरपूर वीज मिळते. १९६२ साली ही वीजनिर्मिती सुरू झाली. टर्बाइन फिरवून झालेले पाणी वाशिष्ठी नदीत जाते आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते. विजेसाठी वळवलेला प्रत्येक थेंब खालच्या शेतीला कमी होतो. म्हणूनच १९६९ साली न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादाला पश्चिमेकडे किती पाणी वळवावे याचीही मर्यादा ठरवून द्यावी लागली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उताराचा प्रश्न असा थेट आजच्या दिव्याशी आणि पिकाशी येऊन भिडतो.

विद्यार्थ्यांना शेवटी एक काम द्यावे. आपल्या शाळेच्या छपरावर पडलेले पाणी कोणत्या ओढ्याला, ओढा कोणत्या नदीला आणि ती नदी कोणत्या समुद्राला मिळते, हे त्यांनी स्वतः चालून आणि नकाशा पाहून शोधावे. वाटेत कुठे धरण, कालवा किंवा बोगदा लागतो का, तेही नोंदवावे. उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते प्रत्येक शाळेचे वेगळे असेल.