ट्रॅक्टरला कोणते मीटर बसवावेत?

आज आम्ही उमरखेडहून तुमच्याशी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. आमच्या ग्रामसंघाच्या अवजार बँकेत एक जुना ट्रॅक्टर आहे. तो गटांच्या बचतीतून आणि कर्जातून घेतला. हप्ता दर महिन्याला आम्हीच भरतो. पण त्याच्या डॅशबोर्डवरचे काटे मेलेले होते आणि त्याचं आम्हाला काहीच वाटलं नव्हतं. गाडी चालते ना, मग झालं!

मागच्या वर्षी सोयाबीन निघालं आणि हरभऱ्यासाठी वावरं तयार करायची घाई सुरू झाली. पैनगंगेच्या काठच्या एका वावरात रोटाव्हेटर चालू असताना इंजिनातून खडखड आवाज आला आणि ट्रॅक्टर जागीच बसला. मिस्त्रींनी इंजिन खोललं तर ऑइलचा पंप झिजलेला, बेअरिंग खाल्लेली आणि क्रँक घासलेली. ऑइलचा लाल दिवा लागला नव्हता का, असं त्यांनी विचारलं. दिवा लागणार कसा? त्याचा बल्बच गेलेला होता. दुरुस्तीत आमची आठ महिन्यांची बचत गेली आणि ऐन हंगामात भाडंही बुडालं.

त्यानंतर आम्ही ठरवलं की नवे मीटर बसवायचेच. नांदेडला दुकानात गेलो, तर दुकानदाराने सहा-सात प्रकार समोर मांडले. सगळे घ्यायला पैसे नव्हते. मग बैठकीत प्रत्येक मीटरला तीन प्रश्न लावले. हा कोणतं दुखणं दाखवतो? तेच दुखणं फुकटात, नुसत्या डोळ्यांनी कळतं का? आणि काटा हलल्यावर इंजिन वाचवायला वेळ उरतो का?

पहिला नंबर लागला ऑइल प्रेशर मीटरचा. आशाताई आपला रक्तदाब मोजतात, तसाच हा इंजिनाचा रक्तदाब समजा. क्रँक बेअरिंगमध्ये फिरते तेव्हा मधे ऑइलचा पातळ थर असतो, म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. दाब गेला की तो थर जातो आणि बघता बघता इंजिन घासून निघतं. तुम्ही म्हणाल, आम्ही रोज डिपस्टिक काढून ऑइल बघतो. ते बघायलाच हवं. पण डिपस्टिक ऑइल किती आहे ते सांगते, दाब सांगत नाही. पंप झिजला, जाळी चोंदली किंवा ऑइलमध्ये डिझेल मिसळून ते पातळ झालं, तर पातळी बरोबर दिसूनही दाब पडतो.

लाल दिवाही पुरेसा नाही. साधारण अर्धा किलोच्या खाली दाब आल्यावर तो लागतो, म्हणजे अगदी शेवटी. काट्याचा मीटर आधीपासून सांगतो. बहुतेक डिझेल ट्रॅक्टरांत गरम इंजिन कामाच्या रेसवर असताना दाब दोन ते चार किलोंच्या आसपास असतो आणि रेस कमी केली की उतरतो. तुमच्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. काही मीटरांवर पीएसआय लिहिलेलं असतं. एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.

हा मीटर दोन प्रकारचा मिळतो. एकात वायर आणि सेन्सर असतो. दुसऱ्यात बारीक नळीतून इंजिनाचं ऑइलच मीटरपर्यंत येतं. मीटरच्या आत एक वाकडी पोकळ नळी असते. जत्रेतली गुंडाळलेली कागदी पिपाणी फुंकली की उलगडते ना, तशी ही नळी दाबाने किंचित सरळ होते आणि काटा सरकवते. बुर्दों नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४९ साली याचं पेटंट घेतलं. आम्ही हाच प्रकार घेतला, कारण त्याला बॅटरी लागत नाही आणि वायर तुटायची भीती नाही. फक्त नळी गरम सायलेन्सरला किंवा फिरत्या पट्ट्याला घासू देऊ नका. ती फुटली तर ऑइल बाहेर येतं.

दुसरा नंबर टेम्परेचर मीटरचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो, मळणीत सोयाबीनचं कुटार रेडिएटरच्या जाळीत बसतं आणि फॅनचा पट्टा ढिला होतो. चांगल्या इंजिनाचं पाणी साधारण ८० ते ९५ अंशांवर राहतं. काटा त्याच्या वर चढायला लागला की समजावं, ताप आला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच मीटर खरं सांगतो. पाणी पार गळून गेलं तर इंजिन तापलेलं असतानाही काटा खाली दिसू शकतो. म्हणून मीटर असला तरी रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी बघायचंच.

तिसरा घेतला अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते मोजणारा. हा इंजिन लगेच वाचवत नाही, पण ऑइल आणि फिल्टर तासांवर बदलायचे असतात. आम्ही ते अंदाजाने बदलत होतो. शिवाय भाड्याचा हिशोब चोख राहतो. तो इंजिन चालू असतानाच मोजेल अशी जोडणी करून घ्या, नाहीतर चावी चालू राहिली तरी तास वाढत राहतात.

बाकीचे का सोडले तेही सांगतो. डिझेलचा मीटर नको, टाकीत स्वच्छ काठी घालून कळतं. बॅटरीचा व्होल्ट मीटर चांगला आहे. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास दाखवला की चार्जिंग ठीक. पण बॅटरी उतरली तर ट्रॅक्टर सुरू होणार नाही इतकंच, इंजिन मोडत नाही. म्हणून तो पुढच्या वर्षी. शर्यतीच्या गाड्यांचे हौशी लोक टर्बोचा दाब दाखवणारा मीटर आधी लावतात. तो दिसायला झकास, पण आमच्या ट्रॅक्टरला टर्बोच नाही!

आता मैत्रिणींनो, मीटर बसवून काम संपलं नाही. बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइलचा काटा खाली यायला लागला. आमचा ड्रायव्हर भाऊ म्हणाला, "ताई, दोनच तास राहिले, तेवढे ओढून घेतो." वावरवाले काकाही थांबू देईनात. मागच्या वेळी असंच झालं असेल का, या विचाराने आमच्या छातीत धडधडलं. आम्ही इंजिन बंद करायला लावलं. बघितलं तर फिल्टरपाशी ऑइल गळत होतं. वायसर बदलला, ऑइल भरलं, तासाभरात काम पुन्हा सुरू. मोठा खर्च टळला.

त्या दिवशी ग्रामसंघाच्या वहीत ठराव लिहिला. ऑइलचा काटा पडला की इंजिन त्याच क्षणी बंद, वावर कुणाचंही असो. थांबवल्याबद्दल ड्रायव्हरला कुणी बोलायचं नाही आणि त्याची मजुरीही कापायची नाही. तापाचं मात्र उलट. काटा चढला तर अवजार उचलून भार काढा, इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवा, मग बंद करा. पाणी गळून गेलं असेल तर मात्र लगेच बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही.

काट्याची हद्द कळावी म्हणून आम्ही मीटरच्या काचेवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्या मावशींनाही आता दुरून कळतं.

उद्या सकाळी एवढं करा. तुमच्या ट्रॅक्टरची चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे. नाही लागला, तर बल्ब किंवा वायर गेली आहे. तो बल्ब अगदी स्वस्तात मिळतो. आमची आठ महिन्यांची बचत त्याच्यापायी गेली. तुमची जाऊ देऊ नका.