परवलीचा शब्द

चोराला कुलूप फोडावे लागते, ही आपली जुनी समजूत. संगणकाच्या कुलपाची किल्ली तो पुष्कळदा नुसत्या अंदाजानेच ओळखतो. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू या अमेरिकन कंपनीकडून सुमारे सव्वातीन कोटी पासवर्ड चोरीस गेले. ते उजेडात आल्यावर दिसले काय, तर जवळजवळ २ लाख ९० हजार मंडळींचा परवलीचा शब्द एकच : १२३४५६!

आपल्याकडे त्या जागी मुलानातवंडांची नावे येतात. गडमुडशिंगीचे माझे मामा घराला दोन कुलपे घातल्याखेरीज कोल्हापूरला निघत नाहीत. पण ईमेल, बँक, विजेचे बिल, साऱ्यांना शब्द एकच. नातवाचे नाव आणि पुढे त्याचे जन्मसाल! बारशाला सारी गल्ली जेवून गेलेली.

"माझ्या ईमेलात काय सोनं ठेवलंय व्हय?" मामांचा सवाल.

सोने नाही, पण किल्ल्यांचा जुडगा आहे. इतर बहुतेक खात्यांचा शब्द विसरला की नवा ठरविण्याची चिठ्ठी तिथेच येते. एखाद्या दुकानाकडून आपला शब्द फुटला की चोर तोच ईमेलला आणि बँकेला लावून पाहतो. मामांचे उसाचे बिल जमा होते ते बँकेतच.

थोडे गणित पाहा. इंग्रजी लहान लिपीतील सहा अक्षरांचे सुमारे ३१ कोटी शब्द होतात. सेकंदाला एक कोटी शब्द चाचपणाऱ्या यंत्राला ते अर्ध्या मिनिटाचे काम. बारा अक्षरे स्वैर निवडली, तर त्याच यंत्राला ३०० वर्षे! पण असली अक्षरे ध्यानात राहायची कशी? म्हणून परस्परांशी सोयरीक नसलेले चार-पाच शब्द जोडावेत. मामींनी लगेच 'पान सुपारी चुना कात' सुचविले. ती तर एकाच तबकातली मंडळी!

आधी ईमेल बदलावी, मग बँक; प्रत्येकीला शब्द निराळा. सोय असेल तिथे मोबाइलवर येणाऱ्या अंकांचा दुसरा अडसरही घालावा, आणि ते अंक कोणालाही सांगू नयेत. शब्द वहीत लिहून कपाटात ठेवायला माझी हरकत नाही. दूरदेशीचा चोर काही गडमुडशिंगीचे कपाट उघडायला येत नाही.

दर तीन महिन्यांनी शब्द बदलण्याचा जाच मात्र नको. लोक शेवटचा १ खोडून २ करतात, दुसरे काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही २०१७ साली ही सक्ती नको असेच सांगितले. शब्द फुटल्याची शंका आली, तर तो त्याच दिवशी बदलावा.