जर्मन करसंज्ञेच्या इंग्रजी अनुवादातील पेच

जर्मनीत कंपनी स्थापन करणाऱ्या भारतीय उद्योजकाच्या हाती तेथील करविषयक कागदपत्रे बहुधा इंग्रजी अनुवादाच्या रूपानेच येतात. त्यांतील ‘गेवेर्बेश्टॉयर’ या कराला इंग्रजीत ‘ट्रेड टॅक्स’ म्हणण्याचा प्रघात आहे. व्यापारच नव्हे, तर कारखानदारी व सेवा उद्योगांच्या नफ्यावरही तो आकारला जातो. डॉक्टर, वकील आदी स्वतंत्र व्यावसायिक मात्र त्यातून वगळलेले आहेत. त्यामुळे आपल्याकडील व्यवसाय कराशी त्याची सांगड घालता येत नाही.

अनुवादकाचा कस लागतो तो ‘हेबेझात्स’ या शब्दापाशी. हा आकडा प्रत्येक नगरपालिका ठरवते. म्युनिकमध्ये तो ४९० टक्के आहे. त्याचे भाषांतर ‘टॅक्स रेट’ असे केल्यास नफ्याच्या जवळजवळ पाचपट कर भरावा लागतो, असा समज होईल! वास्तविक, करपात्र नफ्याच्या ३.५ टक्के एवढी मूळ रक्कम काढून तिला या आकड्याने गुणले जाते. कंपनीचा असा नफा १ लाख युरो असल्यास मूळ रक्कम ३,५०० युरो होते आणि म्युनिकमधील कर १७,१५० युरो, म्हणजे १७.१५ टक्के. यास्तव ‘मल्टिप्लायर’ हा प्रतिशब्द अधिक सयुक्तिक ठरतो. करारपत्रात त्यासोबत मूळ जर्मन संज्ञाही दिलेली बरी.