डिस्कवरची जागा मोकळी करण्याआधी

लॅपटॉप कळव्याच्या घरी, एक बाहेरची डिस्क कपाटात, दुसरी डोंबिवलीला बहिणीकडे. फोटो-व्हिडिओंसाठी ही मांडणी चांगली. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवलीत तळमजल्यांवर पाणी शिरलं होतं. सगळ्या प्रती एकाच घरात नसाव्यात, त्या दोन्ही डिस्का एकाच कपाटात तर नसाव्यातच.

या तिन्हींचा मेळ ठेवायला जोई हेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं गिट-अॅनेक्स उपयोगी पडतं. गिट फाइलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवतं. अॅनेक्स मोठ्या फाइलींचा मजकूर वेगळा ठेवून, तो कुठल्या डिस्कवर आहे एवढीच नोंद गिटला देतं.

लॅपटॉप भरला की बहुतेक जण फाइल डिलीट करतात आणि जागा तेवढीच राहते. कारण दिसते ती फाइल म्हणजे सहसा नुसती खूण. खरा मजकूर 'डॉट गिट' या लपलेल्या फोल्डरात तसाच असतो.

म्हणून आधी दोन्ही डिस्का जोडून 'गिट अॅनेक्स सिंक' चालवा. नोंदी जुळतात. मग 'गिट अॅनेक्स व्हेअरइज' विचारा: कुठली फाइल कुठे आहे ते दिसेल. पण ही फक्त नोंद आहे. डिस्कवरचा मजकूर धड आहे का, हे त्या डिस्कवर 'गिट अॅनेक्स एफएससीके' चालवून तपासा; वेळ लागतो, तरी टाळू नका.

आता 'गिट अॅनेक्स नमकॉपीज २' ही किमान प्रतींची अट घाला. न घातल्यास एकच प्रत पुरेशी धरली जाते, आणि मला ते फार कमी वाटतं.

मग लॅपटॉपवर 'गिट अॅनेक्स ड्रॉप' आणि फाइलचं नाव. इतरत्र दोन प्रती खरोखर आहेत का, हे ते डिस्का गाठून बघतं आणि मगच जागा मोकळी करतं. बहिणीकडची डिस्क जोडलेली नसेल तर ते नकार देतं. इथे वैतागून 'फोर्स' लावू नका. शेवटची प्रत जाते ती याच क्षणी. डिस्क घेऊन या, जोडा, पुन्हा चालवा.

आधीच डिलीट केलेल्या फाइलींसाठी 'अनयूज्ड' यादी देतं, 'ड्रॉपअनयूज्ड' त्या काढतं. जुन्या शाखेत किंवा टॅगमध्ये फाइलचा उल्लेख उरला असेल तर ती यादीत येत नाही.

बाजारातली डिस्क अनेकदा 'एक्सफॅट' फॉरमॅटची असते. तिथे खुणेची सोय नसल्याने प्रत्येक फाइल दुप्पट जागा खाऊ शकते. अशा डिस्कवर बेअर रेपॉझिटरी, म्हणजे उघड्या फाइलींशिवायचं नुसतं कोठार, बनवा.