आठवड्याचा क्रम, घराचा क्रम

दर गुरुवारी दूरचित्रवाणी मालिकांचे गुण जाहीर होतात. कोणती मालिका पहिली आली, कोणती घसरली, हे वृत्तपत्रांत छापून येते. आणि मुरबाड-शहापूरच्या बाजारपेठेत गिऱ्हाइकाची वर्दळ नसेल तेव्हा दुकानादुकानांत त्यावर चर्चाही रंगते. त्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पहिली आलेली ही मालिका आमच्या घरी तर कोणी पाहतच नाही!’ मग हा क्रम लावतो कोण?

‘बार्क’ ही संस्था २०१५ पासून हे मोजमाप करते. निवडक घरांतील संचाला एक यंत्र जोडलेले असते. वाहिन्या आपल्या ध्वनीत कानाला न जाणवणारी खूण मिसळतात, ती हे यंत्र ओळखते. संचासमोर कोण बसले आहे हे कळावे म्हणून घरातील प्रत्येकासाठी वेगळे बटण असते. अशी यंत्रे देशात पन्नास हजारांहून थोडी अधिक, आणि २०२० च्या अंदाजानुसार संच असलेली घरे सुमारे २१ कोटी. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक यंत्र. सिद्धगडाच्या पायथ्याची नारिवली आणि आसपासच्या साऱ्या वाड्या एकत्र मोजल्या, तरी त्यांच्या वाट्याला एक यंत्र येईलच असे नाही. अर्थात शितावरून भाताची परीक्षा करणे या भातशेतीच्या मुलुखाला नवे नाही. शीत नीट निवडले, तर परीक्षा खरी ठरते. मात्र २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत ग्रामीण भागातले शीत काढलेच जात नव्हते. पुढे २०२० मध्ये, काही यंत्रधारक घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याचा आरोप झाला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे काही काळ थांबवावे लागले. शीतच विकत घेतले, तर भात कसाही असो!

या गुणांचा हिशेब बचत खात्यासारखा आहे. १ एप्रिल २०१० पासून बँका बचतीवर रोजच्या शिलकीप्रमाणे व्याज देतात. एका दिवशी लाख रुपये भरून दुसऱ्या दिवशी काढून घेतले, तर पदरात फारसे काही पडत नाही. येथेही तसेच. पन्नास जणांनी पंधरा मिनिटे पाहिले काय किंवा पंचवीस जणांनी अर्धा तास पाहिले काय, गुण सारखेच. मालिकेतील भांडण मिटता मिटत नाही आणि भाग नेमका दार वाजताना संपतो, त्याचे मूळ या हिशेबात आहे. प्रेक्षक उठून गेला की शिल्लक कमी होते.

यंत्राला मिनिटे कळतात. आवड कळतेच असे नाही. भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून केवळ संवाद ऐकणारी गृहिणी कोणत्या बटणावर मोजायची? रिमोट आजोबांच्या हाती असेल, तर नातवाची पसंती कोठे नोंदवायची? म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपला क्रम आपल्या मापाने लावावा, हे उत्तम. एकत्र बसून पाहता येते का, पाहून झाल्यावर घरात काही बोलले जाते का, आणि न पाहिल्यास काही चुकल्यासारखे वाटते का, ही ती मापे.

या मापांनी क्रम लावायचा, तर सोनी मराठीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ वर ठेवावी लागेल. २०१८ पासून चाललेल्या या कार्यक्रमातील प्रहसन बसल्या बैठकीला पूर्ण होते. समीर चौघुले रंगमंचावर आले की आजी आणि नातू एकाच वेळी हसतात; आजच्या घरात ही गोष्ट लहान नाही. क्वचित एखाद्या विनोदावर वडीलधाऱ्यांना खोकला येतो, एवढे खरे.

त्याखाली स्टार प्रवाहवरील ‘ठरलं तर मग’. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही मालिका आठवड्याच्या क्रमात वारंवार पहिली आली. सायलीचा मनमिळाऊ स्वभाव, अर्जुनची वकिली आणि ज्योती चांदेकर यांची पूर्णा आजी यांनी घरे जोडून ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये चांदेकर यांचे निधन झाले, तेव्हा अनेक घरांत आपल्याच आजीचे जाणे जाणवले. मधुभाऊंवरील खटला मात्र इतका लांबला की खरी न्यायालयेही वेगवान वाटावीत. पडद्यावरच्या या वकिलाचा प्रत्येक युक्तिवाद पाठ असलेल्या मुलांना, २ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झालेले भाई कोतवाल हेही वकील होते, हे सांगावे लागते. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याच्या या नायकावर २०२० मध्ये मराठी चित्रपट आला. तो घरात एकदा तरी सर्वांनी मिळून पाहावा.

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ २००८ पासून चालू आहे. गोकुळधामचा दुकानदार जेठालाल व्यापारी कुटुंबांना आपला वाटतो. पण आता नव्या भागांपेक्षा जुने भाग पुन्हा पाहणेच अधिक सुखाचे. ‘कौन बनेगा करोडपती’ चालू असताना मात्र तो सहज दुसऱ्या क्रमांकावर येतो, कारण उत्तर आधी कोण देतो यावर सारे घर बोलते. सह्याद्री वाहिनीच्या बातम्या आणि ‘आमची माती, आमची माणसं’ यांना क्रमांक देऊ नये. घड्याळाला कोणी क्रमांक देत नाही.

जैन घरांत या क्रमाची खरी परीक्षा चातुर्मासात होते. सूर्यास्तापूर्वी चौविहार, मग प्रतिक्रमण. आणि मालिकांचा भर नेमका सात ते दहा. योगायोग असा की नियमाप्रमाणे तासाला जाहिरातींची मर्यादा १२ मिनिटे. उरतात ४८, आणि एक सामायिकही ४८ मिनिटांचे! एक तासाचा कार्यक्रम सोडला की एक सामायिक साधते, हा हिशेब कोणाही श्रावकाला तोंडी करता येईल. त्यात सिद्धगडाकडचा पाऊस छतावरच्या डिशचा संदेश अधूनमधून स्वतःच तोडतो, म्हणजे अर्धा निर्धार निसर्गच पार पाडतो.

पर्युषणाचे आठ दिवस अनेक घरांत संच बंदच असतो. दिगंबर परंपरेत दशलक्षणाचे दहा. पहिले दोन दिवस हात रिमोटकडे जातो, तिसऱ्या दिवसापासून जेवणानंतर अंगणात किंवा ओटीवर गप्पा सुरू होतात. संवत्सरीची क्षमापना झाल्यावर संच पुन्हा लागतो, तेव्हा घरातले सर्वजण आधी कोणती वाहिनी लावा म्हणतात, हे लक्षपूर्वक ऐकावे. बहुतेक वेळा हास्यजत्रेचे नाव आधी येते. रोजच्या मालिकेचे नाव घेतले, तर आठ दिवसांपूर्वी दारात उभी असलेली सून अजून उंबऱ्यावरच असल्याचे आढळते. आजीला मागचे काहीही विचारावे लागत नाही.